‘लिहिलेलं नाही’ म्हणायला शिकवणाऱ्या बाई

ये गं लीना, अशी जवळ येऊन बस. दाराशी नको, इथे माझ्यासमोर बस. रागवायचंय तुला, आणि लांबून रागावलं की माणूस ऐकल्यासारखं करतं आणि सोडून देतं. तू तिकडे आयर्लंडात, मी इकडे सिल्वासात, हे मला ठाऊक आहे. तरी बस म्हटलं की बसायचं. परवा फोनवर तुझा आवाज आला, तो रेकॉर्ड करून पाठवलेला. “आजी, टीचरबेन नहीं है, तो अब मैं उधर आके क्या करूँ. मैंने उनसे सिर्फ लिया, दिया कुछ भी नहीं.” एवढं बोललीस, मग नाक ओढल्याचा आवाज. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आणि प्रत्येक वेळी तुझा जास्तच राग आला. दिलं नाही म्हणे. तू काय दिलंस ते तुला माहीत नाही, बाईंना माहीत होतं, मला माहीत आहे. तेच सांगायला आज लिहायला बसले.

पुरवणी वाचणाऱ्या मंडळींनो, तुम्हीही बसा. ही लीना म्हणजे चीनमधून आलेली मुलगी, खरं नाव लिन. आमच्या गल्लीत आल्यावर दोन दिवसांत तिची लीना झाली. माझ्या घराच्या गॅलरीत बसून ती इंग्रजी शिकली आणि शिकवलं कुमुदबाईंनी, ज्या गेल्या महिन्यात गेल्या. लीनाला रोजचं मराठी बोलणं कळतं, पण वाचता येत नाही. म्हणून अथालला राहणारी माझी भाची वैशाली हे सगळं तिला फोनवर हिंदीत सांगणार आहे. वैशालीने कंटाळून मधला एखादा तुकडा गाळला तर मला कळेल, कारण नंतर मी लीनाला विचारणार आहे. माझी ही विचारायची सवय कुठे कामी आली तेही पुढे येईल.

बाई गेल्या तेव्हा मी घरी नव्हते. मासळी आणायला गेले होते. आता मला ओळखणारे हसतील, कारण मी धुळ्याकडची, आमच्या घरी अंडंसुद्धा शिजलं नाही कधी. पण बाई मालवणकडच्या, आणि शेवटी शेवटी त्यांचं जेवण अगदी चिमणीएवढं झालं होतं. त्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “अक्का, कुरकुरीत बोंबील मिळाला असता तर दोन घास जास्त गेले असते गो.” वैशाली आलेलीच होती, तिला त्यांच्यापाशी बसवलं आणि नाकाला पदर लावून बाजारात गेले. दमणहून मासे घेऊन येणारी बाई बसते, तिच्यासमोर उभी राहून मी विचारतेय की बोंबील कोणता, आणि ती म्हणतेय, “माय, पहिल्यांदाच घेताय का?” तेवढ्यात फोन वाजला. वैशाली म्हणाली, “आत्या, घरी ये.” मी विचारलं, “काय झालं?” म्हणाली, “तू ये ना आधी.” मी म्हटलं, “वैशाली, आहे तसं सांग.” तेव्हा म्हणाली, “बाई गेल्या, आत्या. झोपेतच.” पोरीने सांगितलं ते बरं केलं. घरापर्यंत येताना मी रिक्षात बाईंशी मनातल्या मनात बोलत आले. खोटी आशा लावून कोणी मला धावत आणलं असतं, तर ते बोलणं राहून गेलं असतं.

बाई सिल्वासात आल्या त्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला. तेव्हा इथे कारखाने थोडे आणि झाडं फार होती असं त्या सांगायच्या. मी आले त्यानंतर, लग्न होऊन. आमचे हे राखोलीला सूत कातण्याच्या कंपनीत होते. पाळीवरून घरी आले की भुवयांवर कापसाचा भुरका असायचा, मी म्हणायची, म्हातारे होऊन आलात. पुढे आम्ही छोटं घर बांधलं, वर एक खोली काढली, बाहेर गॅलरी. बाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता मालवणला जातील. त्या आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, गावी का गेल्या नाहीत, हे मी कितीतरी वेळा विचारलं. दर वेळी त्या म्हणायच्या, “अक्का, चहा कर.”

शेजारच्या गुजराती बायका त्यांना टीचरबेन म्हणायच्या, तेच नाव गल्लीत रुळलं. मी मात्र बाईच म्हणायची. माझी शाळा चौथीत संपली. वाचायची हौस होती, पण पुस्तक कोण देणार. मी आपली किराण्याच्या पुड्या सोडून वाचायची, डब्याखाली घातलेला कागद वाचायची, गुजराती अक्षरं बसच्या पाट्यांवरून शिकले. बाई एकदा स्वयंपाकघरात आल्या तर मी फडताळात डोकं घालून उभी. म्हणाल्या, “काय शोधतेस?” म्हटलं, “काही नाही, बातमी अर्धी राहिली होती, पुढची डब्याखाली गेलीय.” त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पेपर वाचून झाला की माझ्याकडे यायला लागला. पुढे त्यांनीच लिहायला लावलं. “जशी बोलतेस तशी लिही, नटवू नकोस,” एवढाच धडा. म्हणून हे असं लिहिते. चुकत असेल तर सांभाळून घ्या.

मग काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खालच्या दाराशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. हातात चहाचा डबा, आमच्या नव्हे, त्यांच्या देशातल्या चहाचा, आणि मागे पाठीला पिशवी लावलेली मुलगी. खडोलीच्या कारखान्यात त्यांच्या देशातून यंत्रं आली होती, ती बसवायला आणि चालू ठेवायला हे आले होते. त्यांचं नाव चेन, म्हणजे आमच्याकडे चेनभाई. त्यांना हिंदी चारच शब्द यायचे, ‘बंद’, ‘चालू’, ‘तेल’ आणि ‘खतम’. बाकी सगळं मुलगी बोलायची. तिची हिंदी म्हणजे कारखान्यातल्या कामगारांची, त्यात बिहार, ओडिशा, खानदेश सगळं मिसळलेलं. शाकमार्केटात भाव करताना तर ती चक्क माझ्यासारखी बोलायची. मला पाहून म्हणाली, “आजी, टीचरबेन ऊपर हैं क्या? मेरे को पास होना है.”

काय पास व्हायचं होतं, तर परदेशात नर्सिंग शिकायला जाण्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. लिहिणं, बोलणं, ऐकणं यात ती कशीबशी निघायची, पण उतारा वाचून प्रश्न सोडवायचे त्यात पुन्हा पुन्हा राहत होती. शिकवणी लावून झाली होती, मोबाईलवर शब्दांचे ढीग पाठ करून झाले होते. आणि चेनभाईंचं इथलं काम आता संपत आलेलं. अजून एकदा परीक्षा देता येणार होती. नाही जमलं तर बापाबरोबर परत, आणि तिकडे काकाचा बाटल्यांची झाकणं करायचा कारखाना होता, तिथे पाळीला उभं राहायचं. लीनाला ते नको होतं. तिची आजी अर्धांगाने बिछान्यावर होती तेव्हा शाळेतून येऊन हीच तिला चमच्याने भरवायची. ते सांगताना ती हवेत चमचा धरून दाखवायची, किती वाकडा धरायचा म्हणजे घशात अडकत नाही. बाईंनी ते लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाल्या, “उद्यापासून ये.”

आता बाईंची अडचण अशी की त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. माणूस दिसायचं, पण मध्ये धुक्याचा गोळा, अक्षर लागायचं नाही. म्हणजे शिकवणारीला वाचता येत नाही, शिकणारीला वाचलेलं उमगत नाही, आणि तिसरी मी, वालपापडी सोलत बसलेली, मला इंग्रजीच येत नाही. असा आमचा वर्ग. चहाच्या वेळेला गॅलरीत भरायचा.

आधी व्याकरण असायचं. बाई म्हणायच्या, “काल काय केलंस ते सांग.” लीना इंग्रजीत सांगायला लागायची आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. मध्येच म्हणायच्या, “हे तू काल केलंस की आत्ता करतेयस?” लीनाच्या भाषेत म्हणे क्रियापद कपडे बदलत नाही. काल असो, उद्या असो, एकाच पोशाखात. ‘काल’ म्हटलं की झालं, क्रियापदाला कशाला त्रास द्यायचा. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. बाई म्हणाल्या, “शहाणपणाचं आहे, पण परीक्षा इंग्रजीची आहे.” क्रियापद चुकलं की मूठभर पापडी लीनाने सोलायची असा नियम झाला. सुरुवातीला माझी सगळी पापडी तीच सोलायची. मी बाईंना म्हणायची, “हिला फार लवकर सुधारू नका.” लीनाला ते कळायचं. मान खाली घालून सोलताना तिचे खांदे हसायचे.

उताऱ्याचं मात्र काही जमेना. तिची रीत अशी होती की आधी प्रश्न वाचायचे, प्रश्नातला एखादा शब्द पकडायचा आणि उताऱ्यात तो शब्द शोधत सुटायचं. सापडला की खूण. बाईंनी माझ्याकडून स्टीलचं ताट मागवलं आणि प्रश्नांवर पालथं घातलं. “आधी उतारा. पूर्ण वाच. आणि मग अक्काला सांग.” लीना म्हणाली, “टीचरबेन, आजी को इंग्लिश नहीं आता.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच. तिला कळलं तर तुला कळलंय असं मी समजेन.” मी म्हटलं, “बघा, मला परीक्षा केलं.” खरं सांगते, आतून मला फार बरं वाटलं होतं. आयुष्यात कोणी माझ्या न येण्याचा असा उपयोग केला नव्हता.

पहिला उतारा होता एका बाईचा. समुद्रातल्या बेटावर राहून ती पक्षी मोजायची. लीनाने हिंदीत सांगितलं, कोणते पक्षी, कसे येतात, ती त्यांच्या पायात कडी कशी घालते. आता मी ऐकणारी कशी, तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारलं, “एकटी राहायची?” लीना म्हणाली, “हाँ आजी.” “नवरा?” “वो… मछली पकड़ने जाता था.” “मुलंबाळं?” “दो. स्कूल में.” “मग थंडीत खायची काय गं?” “आलू रखती थी.” माझं समाधान झालं. म्हटलं, छान आहे बाई उतारा, सगळं व्यवस्थित दिलंय. बाई इतका वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “लीना, नवरा कुठे लिहिलाय?” लीनाने कागद पाहिला. “नहीं लिखा.” “मुलं?” “नहीं.” “बटाटे?” गोरी पोर लाल झाली. बाईंनी अगदी हळू विचारलं, “मग सांगितलंस कशाला?” तर म्हणाली, “आजी ने पूछा ना. आजी को कैसे बोलूँ कि मालूम नहीं.”

तिच्या घरी म्हणे मोठ्या माणसाने काही विचारलं तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. माहीत नाही म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. मी म्हटलं, “आमच्याकडे काय वेगळं आहे? धुळ्याला रस्ता विचारा, ज्याला ठाऊक नाही तोही हात करून कुठलीतरी वाट दाखवेल.” पण बाई एकदम ताठ बसल्या होत्या. परीक्षेत वाक्य दिलेलं असतं, त्यापुढे तीनांतली एक खूण करायची असते. वाक्य खरं, वाक्य खोटं, किंवा त्याबद्दल उताऱ्यात काही दिलेलंच नाही. बाईंनी लीनाला जुने सोडवलेले कागद काढायला लावले. पानं उलटत गेली तशी तिच्याच लक्षात आलं. तिने एकदाही तिसरी खूण केली नव्हती. परीक्षेने विचारलंय म्हणजे काहीतरी उत्तर द्यायलाच हवं, असं धरून ती पक्ष्यांच्या बाईला नवरा देत होती, मुलं देत होती, बटाटे देत होती.

त्यानंतर आमच्या वर्गाची खरी गंमत सुरू झाली. बाई म्हणाल्या, “अक्का, तू तुझ्या स्वभावाप्रमाणे विचारत जा. जे लिहिलंय ते लीना सांगेल, आणि जे नाही त्याला स्पष्ट ‘लिहिलेलं नाही’ म्हणेल.” विचारणं मला शिकवावं लागलं नाही. पण त्या पोरीला ते म्हणणं किती जड गेलं. उतारा पुलांचा असो, कापसाचा असो, झोपेवरचा असो, मी विचारायची आणि ती माझ्याकडे बघून कासावीस व्हायची. आवाज अगदी आत जायचा. “आजी… सॉरी आजी… उधर नहीं…” बाई म्हणायच्या, “सॉरी काढ. तू चूक केलेली नाहीस.” आणि मलाही ते सोपं नव्हतं बरं का. घरातल्या मोठ्या बाईला समोरून सारखं कोणी ‘नाही, नाही’ म्हणतंय, मला उगाच टोचायचं. एकदा मी फुगून आत निघून गेले. बाईंनी आतपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, “अक्काला राग आलाय असं कुठे लिहिलंय, लीना? ती चहा ठेवायला गेलीय.” मग चहा ठेवावाच लागला.

त्याच दिवसांत चेनभाई आले. परीक्षा जवळ आली होती. बाईंसमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले आणि मुलीकरवी विचारलं, पास होईल का? मला वाटलं, बाई म्हणतील, होईल हो, काळजी करू नका. बापाचा चेहराच तसा होता. बाई म्हणाल्या, “माहीत नाही.” लीनाने ते वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. चेनभाई बाईंकडे बघत राहिले. त्यांना बहुधा आजवर कोणी शिक्षकाने असं उत्तर दिलं नसावं. मग बाई पुढे म्हणाल्या, “पण पहिल्या दिवशी ती सगळं रचून सांगायची, आता रचत नाही. हे मला माहीत आहे.” ते ऐकून तो माणूस उठला आणि कमरेत वाकला. लीनाने मला मागून कुजबुजून सांगितलं, पापा असे कोणासमोर वाकत नाहीत.

आणि मग तो दिवस. उतारा होता एका जुन्या डॉक्टरचा, गावोगाव घोड्यावरून फिरणारा. मी रंगून गेले होते. घोड्याचं नाव काय, बायको रागवायची का, रात्री कोणाकडे झोपायचा, एकामागून एक. लीना प्रत्येकाला म्हणत होती, “लिखा नहीं है.” मी म्हटलं, “अगं, घोडा काळा की पांढरा एवढं तरी असेल.” तशी तिने कागद खाली ठेवला, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, “आजी, नहीं लिखा. कितना भी पूछो, नहीं लिखा. घोड़ा है, बस.” मी थक्क. बाई हसायला लागल्या, अशा की डोळ्यांतून पाणी. लीना घाबरून माझ्या पायाला हात लावायला लागली. बाई म्हणाल्या, “राहू दे. आज तू उतारा वाचलास.”

परीक्षा सुरतला झाली. निकाल आला त्या संध्याकाळी ती पेढे घेऊन आली, बाईंच्या हातात पुडा दिला आणि काही बोलताच येईना. बाई म्हणाल्या, “क्रियापद तरी सांग.” तेव्हा ती रडली. थंडी सुरू व्हायच्या आधी ती गेली, चेनभाई त्यांच्या देशात गेले. हे सगळं लीनाला माहीत आहेच. आता पुढचं ऐक लीना, हे तुला माहीत नाही.

गेल्या वर्षी बाईंना धाप लागायला लागली. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांना वाटलं मी बहीण आहे, मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय फार थकलंय, वय पाहता काही करण्यासारखं नाही, थोडे महिने धरा. मी मान हलवली. परत येताना रिक्षात बाई माझ्या बाजूला, हातात औषधांची पिशवी. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी विचारलं, “अक्का, डॉक्टर तुला काय म्हणाले?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. सगळं ठीक आहे, गोळ्या वेळेवर घ्या. आमच्याकडे आजाऱ्याला असंच सांगतात. सासूला सांगितलं, यांना सांगितलं, यांनी शेवटपर्यंत माझ्याकडे बघून ‘हो हो’ केलं आणि आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहिलो. तेच पुन्हा सांगणार होते मी. आणि काय झालं कोण जाणे, लीना, मला तुझं तोंड दिसलं. ते कासावीस तोंड, ‘आजी को कैसे बोलूँ’ म्हणणारं, आणि त्यानंतरचं, कागद खाली ठेवून माझ्याकडे सरळ बघणारं. एवढीशी पोर मला, तिच्या आजीच्या वयाच्या बाईला, न घाबरता आहे ते सांगू शकली. मी म्हटलं, “बाई, फार दिवस नाहीत म्हणाले. थोडे महिने.” रिक्षा पुलावर आली. खाली पाणी होतं, त्यांना दिसत नव्हतं, तरी त्या तिकडेच बघत होत्या… मग माझा हात धरला. म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. मग आता कामाला लागू.”

आणि आम्ही लागलो. ते महिने मला कोणी परत दिले तर मी पुन्हा घेईन. डोंबिवलीच्या पुतण्याला त्यांनी बोलावून घेतलं, तो राहून गेला, त्यांची काही जुनी बोलणी व्हायची होती ती झाली. साड्या ज्याला द्यायच्या त्याला स्वतःच्या हाताने दिल्या. शाळेतल्या जुन्या मुली आल्या, आता त्यांचेच केस पिकलेले, गॅलरीत सतरंजी पुरायची नाही. समुद्र ऐकायचा म्हणाल्या, म्हणून वैशालीच्या नवऱ्याने गाडीतून दमणला नेलं. उतरायची ताकद नव्हती. काच खाली करून बसल्या, लाटांचा आवाज ऐकत. वारा एवढा की माझा पदर त्यांच्या तोंडावर जायचा. तिथे पहिल्यांदा त्यांनी आपणहून सांगितलं की लग्न का केलं नाही. ते मी इथे लिहिणार नाही. मी इतकी वर्षं विचारत होते तेव्हा त्यांनी चहा करायला लावला, आणि न विचारता सांगितलं.

परतताना मी त्यांना म्हटलं, “त्या दिवशी रिक्षात मी खोटं बोलले असते तर?” बाई म्हणाल्या, “तर मी ओळखलं असतं आणि तुझ्यासाठी खोटं खोटं बरी राहिले असते. दोघी दमलो असतो.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “मी तुला इतकं वाचायला दिलं अक्का, लिहायला लावलं, पण हे मला शिकवता आलं नाही. हे तुला लीनाने शिकवलं. तिला सांग.” मी म्हटलं, तुम्हीच सांगा फोनवर. म्हणाल्या, “तिची परीक्षा चालू असेल, मन विचलित होईल. नंतर तू सांग.” म्हणून हे सांगतेय. तू म्हणतेस तू काही दिलं नाहीस. तू दिलेल्यावर आम्ही दोघी ते महिने जगलो, पोरी.

आता घर शांत आहे, पण उदास नाही. वरची खोली मी रोज उघडते, ऊन आत घेते. आणि एक सवय राहिलीय बाईंची. पेपर हातात घेतला की त्या मला मथळ्यावर तळहात ठेवायला सांगायच्या. “आधी बातमी वाच, मथळा काय द्यायचा ते तू ठरव, मग हात काढ.” मी अजून तसंच करते. कधी माझा मथळा पेपरातल्यापेक्षा बरा असतो. तेव्हा मी मोठ्याने वाचून दाखवते, कोणी ऐको न ऐको. भाडेकरू ठेव असं सगळे सांगतात. मी म्हटलं, बघू. खोली रिकामी नाही, ती तुझ्यासाठी ठेवलीय. खाट तुला आखूड पडायची नाही, बाईसुद्धा उंच होत्या.

तेव्हा आता येऊन काय करू हे मला परत विचारायचं नाही. कॉलेजला सुट्टी लागली की निघ. आलीस की पहिल्या दिवशी मी काही विचारणार नाही, जेव आणि पोटभर झोप. दुसऱ्या दिवशी मात्र विचारेन. तिकडे कोणाशी बोलतेस, थंडीत नीट खातेस का, एकटं वाटतं का. तू फोनवर सगळ्याला ‘अच्छा है आजी’ म्हणतेस, ते काही मला पटत नाही. समोर बसून सांग. बरं नसेल तर बरं नाही म्हण, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. मी रागावणार नाही. लवकर ये.